इंग्लंडमधील नर्सरीत समावेशन निधीसाठी अर्ज कसा उभा करावा

इंग्लंडमध्ये नर्सरीत जाणारे आपले मूल बोलण्यात, खेळण्यात किंवा इतर मुलांत मिसळण्यात मागे पडते आहे असे लक्षात आले की मराठी घरांत दोन गोष्टी हमखास घडतात. भारतातील मंडळी फोनवर धीर देतात की त्याचा काकासुद्धा चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता. इथले आईवडील मात्र मनाशी ठरवतात की आधी डॉक्टरांकडून निदान होऊ द्यावे, मदतीचे मग पाहू. पहिली गोष्ट काही वेळा खरीही ठरते. दुसरीमुळे मात्र मुलाचे नर्सरीतील एखादे वर्ष सहज हातचे जाते, कारण ज्या समावेशन निधीतून नर्सरीला जादा मदत उभी करता येते, त्याच्या मूळ हेतूतच निदानाची अट नाही. मुलाची गरज काय आहे, नर्सरीने आजवर काय करून पाहिले आणि आणखी काय करायला किती तास लागतील, एवढेच त्या अर्जातून दिसावे लागते. ते कसे दाखवावे, हा या लेखाचा विषय आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड येथील व्यवस्था निराळ्या असल्यामुळे पुढील सारे विवेचन इंग्लंडपुरते समजावे.

निधी कोणाचा आणि कोणासाठी

एप्रिल २०१७ पासून इंग्लंडमधील स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे आपण ज्याला नुसते कौन्सिल म्हणतो त्यांच्यावर, विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या लहान मुलांसाठी ‘सेन इन्क्लूजन फंड’, म्हणजेच समावेशन निधी, ठेवण्याचे बंधन आहे. कागदोपत्री त्याचा उल्लेख बहुधा ‘सेनिफ’ असा आढळतो. प्रारंभी तो तीन आणि चार वर्षांच्या मुलांपुरताच होता. एप्रिल २०२४ पासून सरकारी खर्चाने मिळणारे नर्सरीचे तास वापरणाऱ्या त्याहून लहान मुलांचाही त्यात समावेश झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते तास नोकरदार पालकांच्या नऊ महिन्यांच्या बाळांपर्यंत पोचल्यावर निधीची कक्षाही तेवढीच रुंदावली.

निधी किती ठेवायचा, तो कोणत्या निकषांवर द्यायचा आणि फॉर्म कसा असावा हे प्रत्येक कौन्सिल नर्सरीचालक, पालक आणि तज्ज्ञ यांच्याशी सल्लामसलत करून ठरवते. त्यामुळे हॅरोतील मैत्रिणीने पाठवलेला भरलेला फॉर्म मिल्टन कीन्समध्ये उपयोगी पडेलच असे नाही, आणि तिला मिळालेल्या रकमेवरून आपला अंदाज बांधण्यातही अर्थ नाही. आपल्या कौन्सिलचे निकष तिच्या संकेतस्थळावरील ‘लोकल ऑफर’ या विभागात पाहावेत. हा विभाग प्रसिद्ध करणे प्रत्येक कौन्सिलला कायद्याने बंधनकारक आहे.

हा पैसा पालकांच्या खात्यात येत नाही. तो नर्सरीला, प्लेग्रुपला किंवा चाइल्डमाइंडरला मिळतो आणि अर्जही तेच करतात. पालकांना स्वतः अर्ज करता येत नाही हे कळल्यावर अनेकजण सहीपुरते उरतात, आणि माझ्या मते सर्वांत मोठी चूक तिथेच होते. नर्सरीने मुलाला आठवड्यातून पंधरा तास पाहिलेले असते, तेही इंग्रजीत. उरलेले मूल फक्त घरच्यांना ठाऊक असते.

निधीचा रोख सौम्य किंवा नुकत्याच दिसू लागलेल्या गरजांकडे आहे. ज्यांच्या गरजा गुंतागुंतीच्या आहेत किंवा ज्यांच्याकडे ‘ईएचसी प्लॅन’, म्हणजे शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांसाठी कौन्सिलने दिलेली कायदेशीर योजना, आहे, अशा मुलांसाठी कौन्सिलकडे ‘हाय नीड्स’ नावाचा स्वतंत्र निधी असतो. ईएचसी प्लॅनचा विचार पुढे येईल.

घरची भाषा आणि खरी अडचण

चिल्ड्रेन अँड फॅमिलीज अ‍ॅक्ट २०१४ च्या कलम २० मध्ये विशेष शैक्षणिक गरजेची व्याख्या आहे, आणि त्याच कलमात असे स्पष्ट म्हटले आहे की घरी बोलली जाणारी भाषा शिकवण्याच्या भाषेहून वेगळी आहे, एवढ्याच कारणावरून मुलाला शिकण्यात अडचण आहे असे मानता येणार नाही. ही तरतूद मुलांच्या संरक्षणासाठी आहे. प्रत्यक्षात मात्र तिची उलटी बाजूही अनुभवाला येते: मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नाही, पण घरी मराठी असल्यामुळे ‘दोन भाषा आहेत, येईल हळूहळू’ असे म्हणून नर्सरी थांबते, आणि पालकही त्यात समाधान मानतात.

याचे उत्तर अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज, म्हणजे ‘ईवायएफएस’, या शासकीय चौकटीतच आहे. मुलाची इंग्रजी कच्ची वाटत असेल तर कर्मचाऱ्यांनी पालकांसोबत बसून त्याच्या घरच्या भाषेतील कौशल्याचा अंदाज घ्यावा आणि भाषाविकासात खरोखर विलंब आहे का हे तपासावे, असे ती चौकट सांगते. मूल मराठीत वाक्ये जोडत असेल आणि फक्त नर्सरीत गप्प असेल, तर प्रश्न बहुधा नव्या भाषेशी जुळवून घेण्याचा आहे. मराठीतही शब्द मोजकेच असतील, नावाने हाक मारल्यावर मान वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवली जात नसेल, तर प्रश्न भाषेच्या संख्येचा नाही.

म्हणून पहिले काम घरी सुरू करावे. दोन आठवडे एक वही ठेवावी आणि मूल आपण होऊन काय बोलले, कोणाशी बोलले आणि कशासाठी बोलले हे तारखेसह लिहावे. ‘पाणी’, ‘नको’, ‘भूर’, ‘आई दे’ हे सगळे शब्द मोजावेत, आणि मराठी व इंग्रजी शब्दांची बेरीज एकत्र करावी. समज तपासताना हातवारे टाळावेत: दाराकडे बोट न दाखवता ‘चप्पल आण’ म्हटल्यावर ते उठते का, की आई स्वतः चप्पल घालू लागली हे पाहून उठते? हा फरक स्पीच थेरपिस्टला फार मोलाचा असतो. वहीतील नोंदींचा इंग्रजी अनुवाद साध्या शब्दांत करून नर्सरीला द्यावा. मुलाचा घरचा व्हिडिओ दाखवायचा असेल तर नर्सरीला आधी विचारावे.

या टप्प्यावर ‘घरी मराठी बंद करा’ असा सल्ला एखाद्या हितचिंतकाकडून मिळण्याचा संभव असतो. तो मानू नये. ज्या भाषेत आईवडील मुलाशी सर्वांत मोकळेपणाने बोलतात ती काढून घेतल्याने इंग्रजी लवकर येत नाही. घरातला संवाद तेवढा आटतो.

नर्सरीशी पहिली बैठक

प्रत्येक मुलासाठी नर्सरीत एक ‘की पर्सन’ नेमलेली असते आणि विशेष गरजांचे काम पाहणारी व्यक्ती ‘सेन्को’ म्हणून ओळखली जाते. लहान प्लेग्रुपमध्ये व्यवस्थापकच हे काम पाहतात, आणि कौन्सिलकडेही सहसा ‘एरिया सेन्को’ असतात, जे नर्सऱ्यांना मार्गदर्शन करतात. बैठकीची वेळ ईमेलने मागावी. दारावर मूल सोपवताना झालेले बोलणे कितीही मायेचे असले तरी त्याची नोंद राहत नाही.

बैठकीला जाताना घरची वही, हेल्थ व्हिजिटरने (लहान मुलांच्या वाढीवर लक्ष ठेवणाऱ्या परिचारिकेने) दोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान केलेल्या तपासणीची माहिती, मूल दोन वर्षांचे असतानाचा नर्सरीचा प्रगती-अहवाल आणि ऐकण्याच्या चाचणीचा निकाल असल्यास तो न्यावा. ऐकण्याची चाचणी झाली नसेल तर जीपीकडे किंवा हेल्थ व्हिजिटरकडे ती आधी मागावी, कारण न बोलणाऱ्या मुलाबाबत हा प्रश्न हमखास विचारला जातो. मुंबईत किंवा पुण्यात सुट्टीत बालविकासतज्ज्ञांना दाखवले असेल तर तो अहवालही जोडावा. इथली यंत्रणा स्वतःची तपासणी करणारच, तरी त्या अहवालातील निरीक्षणे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. भारतातील अपंगत्व-प्रमाणपत्राच्या आधारे मात्र इथे कोणताही हक्क आपोआप मिळत नाही.

बैठकीत तीन गोष्टी विचाराव्यात. मुलाचे नाव नर्सरीच्या विशेष गरजांच्या नोंदीत घेतले आहे का, त्याच्यासाठी लेखी योजना कधी होईल, आणि अर्जांवर निर्णय घेणाऱ्या कौन्सिलच्या पॅनेलसाठी अर्जाची पुढची मुदत कोणती. तिसऱ्या प्रश्नामुळे आधीच्या दोन गोष्टींना आपसूक वेग येतो.

आढाव्यांची दोन आवर्तने

विशेष गरजांविषयीच्या जानेवारी २०१५ च्या ‘सेंड कोड ऑफ प्रॅक्टिस’ या शासकीय मार्गदर्शिकेने मूल्यमापन, योजना, कृती आणि आढावा असे चार टप्प्यांचे चक्र घालून दिले आहे. बहुतेक अर्जांची कसोटी इथेच लागते. मुलाला अडचण आहे एवढे सांगून पॅनेलचे समाधान होत नाही. नर्सरीने आपल्या नेहमीच्या मनुष्यबळात काय केले, किती आठवडे केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले हे पॅनेलला पाहायचे असते. अशी एक किंवा दोन आवर्तने पूर्ण झालेली असावीत, अशी अपेक्षा साधारणपणे असते.

योजनेतील उद्दिष्टे छोटी आणि मोजता येण्याजोगी हवीत. ‘संवादकौशल्य सुधारणे’ हे उद्दिष्ट कोणत्याही मुलाला लागू पडते, म्हणून ते कोणाचेच नसते. ‘खाऊच्या वेळी दोन चित्रांपैकी एक निवडून मोठ्या माणसाच्या हातात देणे, पाचपैकी तीन वेळा’ हे उद्दिष्ट सहा आठवड्यांनी तपासता येते. त्यासोबत वापरलेली साधनेही लिहावीत: ‘आता आणि नंतर’ दाखवणारा चित्रफलक, मकाटनच्या (बोलण्यासोबत हातांनी करायच्या) खुणा, दिवसाचे चित्रमय वेळापत्रक, आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी शांत कोपरा. उपाय अयशस्वी ठरला तर तेही लिहावे. अपयशाची प्रामाणिक नोंद अर्जाला बळ देते, कारण जादा मनुष्यबळ का लागते ते तिच्यातूनच दिसते.

मराठी कुटुंबांच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण इथे येते. मूल डिसेंबरात गावी गेले आणि जानेवारी सरत आल्यावर परतले, तर ते आवर्तन तुटते आणि परतल्यावर पुन्हा रुळायला लागणारे आठवडे वेगळेच. प्रवास टाळावा असे मी म्हणणार नाही. आजी-आजोबांची भेट हीसुद्धा मुलाची गरज आहे. पण तिकिटे काढण्यापूर्वी आढाव्याची आणि अर्जाची तारीख सेन्कोला विचारून घ्यावी.

अर्जातील मजकूर

फॉर्म कौन्सिलनुसार बदलतो, तरी मुलाची ओळख, त्याची बलस्थाने, चार गटांतील गरजा, आजवरचे उपाय, तज्ज्ञांचे अहवाल, मागितलेली मदत आणि पालकांचे म्हणणे हे भाग बहुतेक ठिकाणी असतात. चार गट म्हणजे संवाद व आंतरक्रिया. आकलन व शिकणे. सामाजिक, भावनिक व मानसिक आरोग्य. आणि ज्ञानेंद्रिये किंवा शरीर यांच्याशी संबंधित गरजा. एका मुलाच्या गरजा एकाहून अधिक गटांत असू शकतात.

सर्वांत विचारपूर्वक भरायचा भाग मागितलेल्या मदतीचा. ‘मुलाला पूर्णवेळ वन-टू-वन हवे’ असे लिहिण्याचा मोह नर्सरीलाही होतो, पण हा निधी सहसा पूर्णवेळ स्वतंत्र माणूस देण्यासाठी नसतो, आणि दिवसभर एका मोठ्या माणसाला चिकटून राहिलेले मूल इतर मुलांपासून आणखी दूर जाते. त्याऐवजी दिवसाची घडी उलगडून दाखवावी. समजा, साडेतीन वर्षांची ओवी पाच दिवस रोज सकाळी तीन तास नर्सरीत असते. तिला खाऊच्या वेळी २० मिनिटे, गोलात बसण्याच्या वेळी १५ मिनिटे, एका खेळातून दुसऱ्याकडे वळताना मिळून १५ मिनिटे आणि दोन मुलांसोबतच्या लहान गटात २० मिनिटे जादा माणूस लागतो. ही रोजची ७० मिनिटे झाली आणि आठवड्याची ३५० मिनिटे, म्हणजे जवळजवळ सहा तास. पंधरा तासांपैकी सहा तास कुठे आणि का लागतात हे असे दाखवले की आकडा वाचणाऱ्याच्या गळी उतरतो. पुढे त्या सहा तासांत काय होईल आणि टर्मअखेर कोणता बदल दिसावा अशी अपेक्षा आहे, हे दोन वाक्यांत लिहावे. नर्सरीच्या वेतनाचा दर काढून हिशेब मांडणे हे तिचे काम आहे. मिनिटांची मांडणी मात्र पालकांनी तिच्यासोबत बसून करावी.

पालकांच्या म्हणण्यासाठी दिलेली जागा ‘आम्ही अर्जाशी सहमत आहोत’ एवढ्या एका ओळीने वाया घालवू नये. घरचा एक सामान्य दिवस लिहावा. मूल काय खाते, कपडे घालायला किती वेळ लागतो, दुकानात काय होते, रात्री किती वेळा उठते, आणि ते कशाने आनंदित होते हेही. आपल्याकडे मुलाची उणी बाजू चारचौघांत न बोलण्याची रीत आहे, आणि घरी आलेल्या अधिकाऱ्यापुढेही आपण ‘तसा हुशार आहे हो’ असे म्हणून विषय आवरता घेतो. अर्जात हा संकोच बाजूला ठेवावा लागतो. अडचणीच्या दिवसांबद्दल सगळे लिहावे, पण फुगवून लिहू नये, कारण पॅनेलसमोर थेरपिस्टचा अहवालही असतो आणि दोन्हींत मेळ बसला नाही तर शंका येते.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी संपूर्ण अर्ज वाचून त्याची प्रत मागून घ्यावी. इंग्रजी कागदपत्रांचा आत्मविश्वास नसेल तर विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना माहिती आणि सल्ला देणाऱ्या, आपल्या भागातील ‘सेंडियास’ या सेवेला फोन करावा. ही सेवा प्रत्येक कौन्सिलच्या क्षेत्रात असते, ती मोफत आणि निःपक्षपाती असते, आणि दुभाष्याची गरज असल्यास तसे सुरुवातीलाच सांगावे.

निर्णय आणि त्यानंतर

अर्ज पॅनेलपुढे जातो. पॅनेल किती दिवसांनी बसते हे कौन्सिलवर अवलंबून असते, आणि मुदत एका दिवसाने चुकली तरी अर्ज पुढच्या बैठकीवर जाऊ शकतो. मंजुरी मिळाली तर ती ठरावीक काळापुरती असते आणि त्यानंतर आढावा होतो. निधी सहसा सरकारी तासांशी जोडलेला असतो. पालक स्वतः पैसे भरून घेतात ते जादा तास त्यात धरले जातीलच असे नाही. पैसा आल्यानंतर तो कशावर खर्च होतो हे विचारण्यात संकोच बाळगू नये, आणि तो प्रश्न संशयाच्या सुरात विचारण्याचीही गरज नाही: ‘या टर्ममध्ये ओवीच्या सहा तासांची विभागणी कशी केली आहे?’ एवढे पुरते.

नकार आला तर कारण लेखी मागावे. पुरावा अपुरा आहे असे कारण असेल तर आणखी एक आवर्तन पूर्ण करून पुन्हा अर्ज करता येतो. या निधीच्या निर्णयाविरुद्ध सेंड ट्रायब्युनलकडे, म्हणजे विशेष गरजांविषयीच्या न्यायाधिकरणाकडे, अपील करता येत नाही. आधी कौन्सिलची तक्रारप्रक्रिया वापरावी आणि ती संपल्यावर लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बुड्समन या लोकपालाकडे जाता येते. दरम्यान ‘निधी आला तरच मुलाला ठेवू’ असे नर्सरीने म्हटल्यास इक्वॅलिटी अ‍ॅक्ट २०१० ची आठवण शांतपणे करून द्यावी. अपंगत्व असलेल्या मुलासाठी वाजवी बदल करणे हे नर्सरीचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि निधी मिळणे ही त्याची पूर्वअट नाही.

डीएलए, अ‍ॅक्सेस फंड आणि व्हिसा

समावेशन निधीच्या जोडीला ‘डिसॅबिलिटी अ‍ॅक्सेस फंड’ नावाची दुसरी रक्कम आहे आणि दोन्हींची सरमिसळ नेहमी होते. ही रक्कम २०२५-२६ या आर्थिक वर्षात प्रति मूल ९३८ पौंड होती. तीही नर्सरीलाच, वर्षातून एकदा मिळते, आणि ती मिळण्यासाठी मुलाला डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, म्हणजे डीएलए हा अपंगत्वाचा सरकारी भत्ता, मिळत असावा लागतो. मूल दोन ठिकाणी जात असेल तर रक्कम कोणत्या ठिकाणाला द्यावी हे पालक सांगतात. वर्षाच्या मध्यात नर्सरी बदलली तर नव्या नर्सरीला त्याच वर्षासाठी ती पुन्हा मिळत नाही.

स्किल्ड वर्कर व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी इथे थांबून विचार करावा. डीएलए हा ‘पब्लिक फंड’, म्हणजे सरकारी आर्थिक मदत, मानला जातो. ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’, म्हणजे अशी मदत घेता येणार नाही, अशी अट असताना त्यासाठी अर्ज केल्यास व्हिसाच्या अटीचा भंग होऊ शकतो. मुलाचे नागरिकत्व वेगळे असेल, किंवा एका पालकाचा दर्जा वेगळा असेल, तर इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नये. नर्सरीतील शिक्षणाशी जोडलेला समावेशन निधी मात्र पब्लिक फंड्सच्या यादीत नाही, आणि तीन-चार वर्षांच्या सर्व मुलांना मिळणारे आठवड्याचे पंधरा सार्वत्रिक तासही पालकांच्या व्हिसावर अवलंबून नाहीत. केवळ व्हिसाच्या भीतीने अनेक कुटुंबे या दोन्हींपासून दूर राहतात, हे खेदाचे आहे. नोकरदार पालकांसाठीच्या तीस तासांना मात्र दोघांपैकी किमान एकाला पब्लिक फंड्स वापरण्याची परवानगी असावी लागते.

गरज मोठी असेल आणि शाळा जवळ आली असेल तर

निधी मिळूनही प्रगती थांबली असेल, किंवा गरज मुळातच मोठी असेल, तर ईएचसी तपासणीची मागणी करावी. ही मागणी पालक स्वतः थेट कौन्सिलकडे करू शकतात. तिच्यासाठी आधी समावेशन निधी घेतलेला असावा अशी अट कायद्यात नाही. तपासणी करायची की नाही हे कौन्सिलने सहा आठवड्यांत कळवायचे असते आणि प्लॅन द्यायचा ठरल्यास अंतिम प्लॅन वीस आठवड्यांत यायला हवा. नकाराविरुद्ध इथे ट्रायब्युनलकडे अपील करता येते.

मूल रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, गेले की नर्सरीचा समावेशन निधी त्याच्यासोबत शाळेत जात नाही. शाळेने विशेष गरजांसाठी होणाऱ्या जादा खर्चातील पहिले ६,००० पौंड आपल्या अंदाजपत्रकातून उचलावेत अशी अपेक्षा असते. म्हणून शाळेची जागा निश्चित होताच, उन्हाळ्याची टर्म संपण्यापूर्वी, नर्सरीचा सेन्को, शाळेचा सेन्को आणि पालक यांची एकत्र बैठक मागावी, आणि नर्सरीतील योजना, आढावे व निधीचा अर्ज यांच्या प्रती स्वतःच्या हाताने शाळेला द्याव्यात.